हिला पाणी लागत न्हाई

न्हाई! न्हाई लागत हिला पाणी! आता किती येळा सांगायचं, कुणाकुणाला सांगायचं, घसा माझा सुकला पर ह्या भोर-वेल्ह्याच्या रस्त्यावर एक माणूस मला आसा भेटला न्हाई की ज्यानं ऐकलं आन् म्हणला, बरं बाबा, न्हाई तर न्हाई! तुमास्नी सांगतो, गाडी कुठं बी थांबवा, नसरापुरात थांबवा, मार्गासनीत थांबवा, की आलाच कुणीतरी डबा घिऊन. "ड्रायव्हर, वाईच पाणी पाजा की तिला, किती तापलीया!" आरं, तापली तर तापली! हिला पाणी लागत न्हाई!

गाडी कुणाची? माझी! दारावर रंगवून घेतलंय, 'ज्ञानू कोंडिबा, भाटघर'. सारा जल्म दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून फडकी पिळली, आन् मग भाटघरच्या वीजघरात मशनी बसवायला एक जर्मन साहेब आलता, त्यानं जाताना ही गाडी इकायला काढली, आन् म्या माझी खिलारी जोडी इकून ती घेतली. बैलं निघाली तवा माझी रतन दावं धरून रडली. मी म्हणलं, येडे, रडतीस काय, ह्यापायी आता कुणाच्या हाताखाली ऱ्हायाचं न्हाई! हां... म्हणलो होतो आसं.

आता गाडी कशी, तर फुडनं सपाट, नाक न्हाई, आन् इंजन मागं. मागं! लोकं फुडं हुडकायची आन् म्हणायची, "ह्याच्या गाडीला इंजनच न्हाई!" आन् त्या इंजनाला पाण्याची टाकीच न्हाई. वाऱ्यावर गार व्हतं. साहेबानं मला समोर बसवून शिकवलं, गाल फुगवून फू फू करायचा, "ग्यानू! पानी नाय! वारा! वारा आनि तेल, बस!" पंखा वारा ढकलणार, भवतीचं पत्रं त्यो वारा हिकडं तिकडं सांडू देणार न्हाईत, आन् इंजनाच्या अंगावर पातळ पातळ पाकळ्या हाईत, त्यातनं वारा फिरला की इंजन गार. म्हणून रोज सकाळी चा घ्यायच्या आदी मी पाठीवर झोपून नारळाच्या शेंडीनं एकेक पाकळी झाडायचो, पत्र्याचा एकेक बोल्ट आवळायचो, पंख्याचा पट्टा आंगठ्यानं दाबून बगायचो, की बोटभर दबतोय का, जास्त ढिला न्हाई ना. शेजारीण म्हणायची, "रतन, तुजा दादला बायकूपरीस गाडीचीच येणी जास्त घालतोय!" घालतोय! घालणारच!

आन् लोकं? आवो, गाडीच्या कुशीला वारा आत घ्यायला फटी हाईत, माशाच्या कल्ल्यावानी. तर गेनबा, म्हातारा माणूस, पावसात आपलं घोंगडं काढून त्या फटीत कोंबून मोकळा! "इंजनाला सर्दी व्हईल रं!" म्हणला. एक बाई कोंबड्याची डालगी बरोबर फटीला टेकवून बसली, निम्मी पिसं पंख्यानं वढली, आन् कोंबडी उघडी पडली म्हणून भांडण कुणाशी? माझ्याशी! मी आपला पाकळीतनं पिसं उपसतोय, हात भाजतोय, आन् वरनं वाकून एक जण हळूच इचारतोय, "मग आता पाणी घालायचं का?"

हिला! पाणी! लागत! न्हाई!

बरं, परके आडाणी म्हणून सोडून दिऊ. पर दिवाळीला रतन म्हायेरी गेलती, गुंजवण्याला, तिला आणायला मी गाडी घिऊन गेलो. राजगडाच्या पायथ्याचा त्यो रस्ता, दगडं आन् खड्डं, दारात पोचस्तवर गाडी कडकडून तापल्याली. सासूबाई, भामाबाई त्यांचं नाव, लई मायाळू बाई, खोटं कशाला बोलू... वाटंतच उभ्या. "जावईबापू, आत चला. गाडीला पाणी दावलं का?"

मी म्हणलं, "मामी, हिला पाणी लागत न्हाई."

"आसं कसं? बैलाच्या बदली आलीया न्हवं?"

"व्हय."

"मग तहान कुठं गेली?"

आता ह्याला काय सांगायचं सांगा! साहेबावानी गाल फुगवून फू फू केलं, तर त्यांना वाटलं मला उकडतंय, त्यांनी पंखा आणून दिला. मी बसलो जेवायला. कोंबड्याचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, दाबून जेवलो. आन् हिकडं मी जेवतोय तवर तिकडं अंगणात काय, तर सासूबाई सासऱ्याला, रखमाजीमामाला, म्हणत्यात, "जावयाचं जनावर आजवर आपल्या दारातनं तान्हेलं गेलंय का? गावात तोंड दावायला जागा ऱ्हाईल का?" आन् मामा शाना माणूस! भोरच्या स्टँडवर यश्टीच्या ड्रायव्हरला त्यांनी डोळ्यानं बगितल्यालं, झाकण फिरवायचं आन् वतायचं. मागचं दार उचकटलं, हुडकलं, गावलं एक गोल झाकण. त्यात तेल घालत्यात वो, तेल! फिरवलं, आन् कळशी लावली!

निघताना सासूबाईनं गाडीला हळद-कुकू लावलं, मामा मिशीत हसतायत. मला वाटलं, जावयाचं कवतिक चाललंय. मी बी हसलो!

ह्या फाट्याच्या चढाला लागलो, आन् मागनं टक्... टक्... टक्... मग नुसती कुरकूर, आन् गप. मी उतरलो. पट्टा बगितला, झ्याक. पत्रं बगितलं, एक हलंना. पाकळ्या? सकाळीच झाडल्याल्या, आरशावानी! मग तेल मोजायची कांडी वढली, आन् तुमास्नी सांगतो... कांडीला तेल न्हाईच. ताक! तेलात पाणी घुसळून पांढरं फट्ट ताक!

रतन पदर तोंडाला लावून म्हणती, "आईनं घालायला लावलंय पाणी. तुमी जेवत हुता म्हणून हाक न्हाई मारली. लई प्याली म्हणं. वर येस्तवर प्याली."

मी तितंच खाली बसलो आन् रडलो. लाज कसली त्यात? इंजन आतनं जाम झालं ते झालंच. भोरचा मिस्त्री म्हणला जिन्नस पुण्यात न्हाई, पुण्याचा म्हणला मुंबईत न्हाई. वैऱ्यानं केलं आसतं ना, कोयता घिऊन दारात उभा ऱ्हायलो आसतो. पर हे मायेनं केलंय वो! मायेची फिर्याद कुठल्या चौकीत घेत्यात सांगा? सासूबाई आल्या बगायला, इंजनावरनं हात फिरवला आन् म्हणल्या, "फार उशीर झाला हुता गं बाई, आदीच पाजायला पायजे हुतं!"

गाडी हलली न्हाई. हितंच ऱ्हायली, ह्या फाट्यावर. इंजन भंगारात गेलं, मी परत दुसऱ्याच्या ट्रकवर, फडकी पिळतोय. आन् मागं इंजनाची रिकामी जागा बगून सासूबाईला सुचलं की येणाऱ्या-जाणाऱ्याची सोय व्हईल, जावयाचं नाव ऱ्हाईल. त्यांनी तितं रांजण बसवला. त्या फटी हाईत न्हवं, साहेबाच्या? त्यातनं वारा आसा फिरतो रांजणाभवती, की भर उन्हाळ्यात पाणी बर्फावानी! आख्ख्या वेल्ह्यात म्हणत्यात, ज्ञानूच्या गाडीचं पाणी लई गार. आता तुमी बी प्यालाच की दोन-दोन तांबे, ढेकर दिली, आन् वर मलाच इचारता, कोरड पडली का रांजणाला?

सरका जरा. ती घागर द्या हिकडं... वततो.