राख काढणारा जावई

आमच्या सुध्याचं लग्न कसं जमलं, मालूम हाय का? मोताळ्याले पोरगी पाहाले गेलो. पोरीचा बाप रिटायर क्लार्क, त्याले सरकारी नोकरीवालाच जावई पाह्यजे होता.

"काम काय करता?"

सुध्या म्हणे, "काका, आमी सूर्यासारखी भट्टी बांधून राह्यलो. आत जळलं का हेलियमची राख उरते, कचरा साचते. तो नाही काढला तर आग विझते. ते राख अन् जास्तीची उष्णता खालून बाहेर काढाची, हे माझं काम."

बुढ्याचं तोंड उतरलं. "म्हणजे राख काढता. रोज किती निघते?"

"अजून भट्टी पेटलीच नाही."

"मंग पगार?"

"तो चालू हाय."

बुढा ताडकन उठला अन् आत ओरडला, "अवं, पेढे आण! चूल पेटाच्या आधी राख काढाले माणूस ठेवला, नोकरी सरकारीच हाय!"