इंची की एमएम?

हॅलो? अमंडसन ट्रॅक्टर दुरुस्ती… कोण?… अगं सोलवेग, तू! थांब, कॉम्प्रेसर बंद करतो, काही ऐकू येत नाही… हं, बोल.

काय?… पहिली?… मेकॅनिकांच्या स्पर्धेत? अख्ख्या राज्यात? थांब, थांब! आयनार! अरे तो कप खाली ठेव, आमची सोलवेग पहिली आली! अकरा पोरांना मागं टाकून!… आयनारच आहे गं, दुसरं कोण असणार? ट्रॅक्टर परवाच दुरुस्त झाला त्याचा, तरी रोज कॉफीला हजर… म्हणतोय, मला आधीच माहीत होतं. खोटारडा! पोरीला नर्स कर म्हणून माझा जीव खाल्ला होता यानं.

नाही, नाही, सगळं सांग. पहिल्यापासून… हं… जुनं इंजिन दिलं… बरं… आणि पोरांनी तेरा एमएमचा पाना लावला? हात्तिच्या! बसल्यासारखा वाटतो गं तो, आणि जोर दिला की घसरतो. कडा गोल झाल्या असतील बोल्टच्या… नऊ जणांच्या? नऊ!… आणि तू?… नुसतं बोट फिरवून ओळखलंस? अर्धा इंच म्हणून?… वा गं वा! छाती फुगलीय माझी, दुसरं काय! आठ वर्षांची होतीस, डोळे बांधून बोल्ट ओळखायला लावायचो, तर तुझी आई माझ्यावर डाफरायची. आज सांगतो तिला.

बरं, बक्षीस काय?… पान्यांचा संच! कुठलाही?… आत्ताच निवडायचाय? अवजारं विकणाऱ्या ड्वेनची गाडी तिथं दारात उभी आहे नि तू मला बोल्टच्या गोष्टी सांगत बसलीस? वीस मिनिटांवर थांबत नाही तो! चढ, चढ गाडीत… चढलीस?

मग हे बघ, एमएमचा घे. रॅचेटवाला, नटावरून न काढता फिरवता येणारा. आठपासून चोवीसपर्यंत, आणि मधला एकही आकार गाळलेला नको. सोळाचा आहे का बघ. हे लोक सोळा आणि अठरा हळूच वगळतात… आहेत? मग उचल आणि उतर खाली.

इंची?… इंची कशाला?… अगं ऐक ना, तुझ्या कंपनीत इंची बोल्ट औषधाला तरी सापडतो का? सगळी नवी यंत्रं, सगळं एमएम… जुने ट्रॅक्टर येतात ते माझ्याकडे बाई, तुझ्याकडे नाही. आणि माझ्याकडं तरी किती दिवस? बीटाचा हंगाम संपला की शटर ओढणार मी… हो, ठरलंय. शनिवारी गेलर्ड येतोय, दुकान बघून विकत घ्यायला… अगं, नाही सांगितलं. सांगितलं असतं तर रडली असतीस… बरं बाई, रडली नसतीस. ओरडली असतीस. आत्ता ओरडतेयस तशी!

हे बघ, चौसष्ट झाली मला. ट्रॅक्टरखाली शिरतो, पण बाहेर यायला आयनारला हाक मारावी लागते… त्याचं नि इंची पान्यांचं काय?

माझे इंची पाने कुणी उसने नेले?… हो, जूनमध्ये तू नेलेस… हो, जुलैतही… परवा आयनारच्या ट्रॅक्टरला… म्हणजे तीनदा झालं, बरोबर… नियम माझाच आहे, नाकारतोय कोण? दोनदा उसना, तिसऱ्यांदा स्वतःचा. या दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकवलाय. पण तो इथं काम करणाऱ्यांना, तुला कसा…

काय म्हणालीस?

पुन्हा सांग… सोमवारपासून इथं कामाला?… राजीनामा? कधी?… स्पर्धेच्या आधी? वेडी का काय तू! तिथं विमा आहे, सुट्ट्या आहेत, थंडीत फरशीसुद्धा गरम असते! आणि इथं? इथं आयनार आहे!… हसू नकोस… तिथं नुसता लॅपटॉप लावायचा आणि भाग बदलायचा, त्यात हात कुठं लागतात, म्हणतेस… हं… ते खरंय… हं…

सोलवेग, एक विचारतो, खरं सांग. म्हाताऱ्याची कीव आली म्हणून येत असशील तर नको. मला ते सोसायचं नाही. गेलर्डला विकीन, पण ते नको… स्वतःसाठी?… शपथ?…

हं.

थांब, स्टूल ओढतो. जरा बसलो… अगं गुडघा नाही दुखत! आनंद झालाय, आनंद! माणसानं आनंदानं बसू नये का?

हॉर्न कोण वाजवतंय? ड्वेन? सांग त्याला, अमंडसन दुकानाचं बोलतायत, गप्प बस म्हणावं! आयनार, गेलर्डला फोन लाव. सांग, शनिवारी यायचं कारण नाही. दुकान विकायचं नाही… का म्हणून विचारलं तर सांग, राज्यात पहिला नंबर आलेला मेकॅनिक मिळालाय!

हां, ऐक. इंचीच घे. पाव इंचापासून सव्वापर्यंत. दांडे लांब हवेत, म्हणजे गंजलेला नट हुज्जत घालत नाही. आणि ड्वेनकडे नाव कोरायचं यंत्र असतं, प्रत्येक पान्यावर नाव कोरून घे… छे, छे, अमंडसन नको! सोलवेग कोर. अमंडसन माझ्या पान्यांवर आहे. एका दुकानात कुणाचा कुठला, कसं कळायचं?… हो, सगळ्यांवर. लहानातल्या लहानावरसुद्धा.

जा, पळ आता. ठेवतो.