सरपंचांच्या दारातली रांग

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही दम खा. मला आधी एका प्रश्नाचं उत्तर हवंय.

दारात माणूस आलाय. उन्हातनं चालत आलाय, घसा कोरडा पडलाय. आणि तुम्ही त्याच्यापुढे वाटी ठेवली श्रीखंडाची! केशर घातलेलं, वर चारोळी पेरलेली! सांगा, पुण्य लागेल की पाप? ... अहो, बोला की! प्रसादाच्या वेळी तर चांगला आवाज निघतो!

सेवा कशाला म्हणायचं? आपल्याला द्यावंसं वाटतं ते देण्याला, की समोरच्याला लागतं ते देण्याला? ऐका तर मग.

करंजटेंभा नावाचं एक गाव. धड शहर नाही, धड खेडं नाही. आजूबाजूच्या बारा वाड्यांचा गुरुवारचा बाजार तिथं भरायचा. भरायचा म्हणजे काय, सकाळी आठला भरायचा आणि दुपारी एकला फुटायचा! एक वाजला की भाजीवाल्या बाया भराभर पाट्या उचलायच्या आणि घरची वाट धरायच्या. मागं कोण राहायचं? कुत्री, शेळ्या आणि चहाच्या टपरीवर राजकारण करणारे पुरुष. शेळ्या निदान पाला तरी साफ करायच्या!

तिथले सरपंच अंबादासराव घोलप. माणूस वाईट नाही हो! गावावर जीव. पण डोक्यात एकच किडा: गाव मोठं करायचं! विकासाचा निधी मंजूर झाला, तसा त्यांनी शहरातून एक साहेब आणला, गावाचा आराखडा काढायला. साहेबांनी अडीच महिने मोजमाप केलं. रस्ते मोजले, गटारं मोजली, वडाचा घेरसुद्धा मोजला. माणसाला तेवढं काही विचारलं नाही!

मग ग्रामसभा बसली. अंबादासराव उठले, उपरणं सावरलं.

"गावकरी हो, आपला बाजार दुपारीच का फुटतो? कारण गावात आकर्षण नाही! म्हणून बाजारतळावर कमान बांधायची. चाळीस फुटी! वर दोन हत्ती, समोर कारंजं!"

टाळ्या! ज्या गावात नळाला तीन दिवसांआड पाणी, त्या गावात कारंजं! हत्तीच्या सोंडेतून काय वारा सोडणार होते?

तेवढ्यात मागून एक बाई उठली. सगुणामावशी. खालच्या वस्तीवरची, मेथी-शेपू विकणारी. पदर खांद्यावर ओढला आणि विचारलं,

"सरपंच, त्या कमानीत संडास हाय का?"

आहाहा! सभा अशी हसली की विचारू नका! एक जण म्हणाला, "मावशी, हत्तीच्या पोटात करू की!"

अंबादासरावांचं तोंड लाल. "मावशी, इथं विकासाची गोष्ट चाललीय. असले विषय काढू नयेत चारचौघांत."

मावशी खाली बसली. कमान मंजूर.

मंडळी, हसणं सोपं असतं. मावशीच्या पोटात काय चाललं होतं, ते कुणाला ठाऊक होतं? गुरुवारी पहाटे उठली की ती पाण्याचा घोट घ्यायची नाही. भर उन्हाळ्यात नाही, चैत्रात नाही, वैशाखात नाही! प्यायलं तर जायचं कुठं? मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन तागडीवरच कोसळली होती. लोक म्हणाले, ऊन लागलं. मावशी काही बोलली नाही. बोलायला लाज वाटली. आणि आज एवढा धीर करून बोलली, तर सभा हसली!

पण मावशी पण मोठी वस्ताद! पुढच्या गुरुवारी सकाळी बाजारात तिनं पाट्यांमधनं एक फेरी मारली. "बायांनो, आज पोटभर पाणी प्या. सोय झालीय."

"कुठं गं?"

"चला, दावते!"

दहाच्या सुमारास सरपंचांच्या दाराची कडी वाजली. त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी दार उघडलं. समोर सगुणामावशी, आणि मागं ओळीनं चाळीस बाया!

"वहिनी, एक इनंती हाय. तुमच्या घरात टाइलचा नवा संडास बांधलाय म्हणं. जरा जाऊ द्या."

शेवंताबाईंनी रांगेवर नजर फिरवली. मग सगळं उमगलं. त्यांनी दार सताड उघडलं. "या गं, या! माझ्या डोक्यात कसं आलं नाही इतकी वर्षं?" बादल्या भरून ठेवल्या, साबण ठेवला. रांग अंगणातनं फाटकापर्यंत गेली!

आणि तेवढ्यात कोण आलं? अंबादासराव! साहेबांना घेऊन कमानीची जागा दाखवत होते, आणि आदल्या दिवशीच्या झणझणीत पाहुणचारानं पोटात गुरगुर सुरू केली. धोतर आवरत घाईघाईनं आले, तर दारात रांग!

"ओ सरपंच! नंबर लावा!"

"अगं, माझं घर आहे!"

"घर तुमचं, नंबर आमचा!"

आता काय करता? सरपंच नाल्याकडे धावले. तर बाजाराचा दिवस! नाल्याकाठी टेम्पो उभे, माणसं उभी, एक झुडूप रिकामं नाही. घामानं निथळत परत आले आणि मुकाट्यानं रांगेच्या शेवटी उभे राहिले. गावाचा प्रथम नागरिक, नंबर तेविसावा!

साहेब बिचारे बाजूला. करायला काही नाही, म्हणून त्यांनी एकीला विचारलं, "बाई, तुम्ही एक वाजताच का निघता हो?" ती म्हणाली, "दादा, त्याच्यापुढं दम धरवत न्हाई." दुसरी तेच म्हणाली, तिसरीही तेच. अडीच महिन्यांत जे कळलं नाही, ते त्या रांगेत पाव तासात कळलं!

इकडे सरपंचांचा चेहरा पांढरा पडायला लागला. एकेकीला पुढं घालत थांबलेल्या सगुणामावशीचा नंबर आता आला होता. तिनं मागं वळून बघितलं. हसली नाही हो! म्हणाली,

"सरपंचाला पुढं येऊ द्या गं. पोटाची कळ सगळ्यांची सारखीच."

अंबादासराव बाहेर आले आणि पायरीवर बसले. मान वर होईना.

"मावशी... तुम्ही दर गुरुवारी अशा?"

"दर गुरुवारी. एकवीस वरसं झाली."

पुढच्या ग्रामसभेत सरपंच स्वतः उठले. "मी चुकलो. कमान रद्द." एक सदस्य हळूच म्हणाला, "पण हत्ती?" "हत्ती गेला जंगलात!"

बाजारतळावर पाच संडास झाले, पाण्याची टाकी झाली, पत्र्याची सावली झाली. उद्घाटनाला फीत सगुणामावशीनं कापली, आणि कुलूप लावायला आलेल्या शिपायाला पिटाळून लावलं!

मग काय झालं? बाया संध्याकाळपर्यंत बसायला लागल्या. आणि गंमत बघा! भाजी विकून झाली की त्याच बाया खरेदीला निघायच्या. कुणी ब्लाउजपीस, कुणी चहापत्ती, कुणी लेकीला बांगड्या. शिंप्यानं दुसरं मशीन घेतलं. गिरणी सहापर्यंत फिरायला लागली. जी विकायला येते तीच घ्यायला थांबते, हे गावाला आत्ता उमगलं!

हसलात? भरपूर हसलात! आता माझ्याकडे बघा.

मला इथं गादी आहे, पंखा आहे, तांब्याभर पाणी आहे. समोर दोनशे माउल्या मघापासून बसल्यात. मंडपाला झालर छान लावलीत. आयोजक मंडळी, यांची सोय कुठं केलीत?

...

का हो, सगळे एकमेकांकडे का बघताय? अध्यक्ष, मान खाली घालू नका, उठा! शेजारच्या चार घरांची दारं उघडून या. तोवर मी भजन धरत नाही. आरतीला उशीर झाला तर देव रागावणार नाही. तो विटेवर उभा आहे, त्याला थांबायची सवय आहे. या माउल्यांना आता थांबायला लावू नका!