पिसांची रजई

माझं माहेर भुईगाव, दिली सांडोरला, आनि दोन्हीकडं बदकं, म्हनजे जन्मापासून बदकांच्या मागंच हाय मी असं समजा. घरामागच्या बावखलात ती दिवसभर पोहायची, नाताळला लोक न्यायला यायचे. कापायचं काम इनासचं, माझ्या नवऱ्याचं, आनि पिसं उपटायचं माझं, गरम पान्यात बोटं सोलून निघायची. ती पिसं आम्ही केळीच्या बुंध्याशी टाकायचो. आनि आता काय सांगू तुम्हाला, तसलीच पिसं रजईत भरून माझ्या मुलीनं आयर्लंडहून पाठवली, ती तिथं नर्स हाय.

पन इनासला आवडली. अंगावरून वारं गेल्यापासून त्याला भर उन्हाळ्यात पन थंडी वाजते, पलंग सोडत नव्हता, गोधडी जड लागते म्हनायचा. ही हलकी आनि गरम. तिच्यातच झोपायचा, तिच्यातच खायचा, आनि परवाच्या आठवड्यात बोंबलाचं कालवन सांडलं तिच्यावर, अख्खी वाटी.

मी म्हटलं, धुवायला काय मोठंसं? बदक दिवसभर पान्यात असतं, बाहेर आलं की अंग झाडतं, झालं कोरडं. तशीच ही. नेली विहिरीवर, साबन लावला, दगडावर आपटली. अगो बाय! पानी पिऊन अशी जड झाली की उचलेना. शेजारची फिलू आली, दोघींनी ओढत नेऊन दोरीवर टाकली तर दोरीच तुटली. मग अंगनात खाटेवर पसरली. दिवसभर ऊन खाल्लं तिनं, संध्याकाळी हात लावते तर ओलीच, आत नुसते गोळे, आनि वास ओल्या बदकाचा. लाँड्रीवाला म्हनाला आमच्याकडं नको. फिलू म्हनते काठीनं बडव. मुलगी फोनवर म्हनते आई, ड्रायरमध्ये टाक ना. अगं कुठला ड्रायर, तुझ्या बापाच्या घरी पंखा धड फिरत नाय!

आनि हा पलंगावरून घडी घडी, वाळली का, वाळली का. माझं टाळकंच फिरलं. म्हटलं मी काय सूर्य हाय? एवढी घाई तर ये बाहेर आनि तूच वाळव.

तर आला की हो! भिंत धरत धरत, मला हात लावू दिला नाय. खाटेवर बसला, रजईची कड मांडीवर घेतली, म्हनाला गाढवे, एवढी बदकं सोललीस, वरचं पीस पानी झाडतं, आतली लव पानी धरते, दिसलं नाय तुला कधी? आनि चांगल्या हातानं एकेक गोळा कुस्करून मोकळा करत बसला. रात्री दव पडतं, म्हनून संध्याकाळी दोघांना आत घ्यायचं, रजईला आनि त्याला, सकाळी परत दोघांना बाहेर. आता जेवतो पन तिथंच, येनाऱ्याजानाऱ्याशी भांडतो पन.

खरं सांगू? रजई वाळून चार दिवस झाले. मस्त फुललीय, वास पन गेला. पन मी रोज सकाळी हात लावते आनि म्हनते, ह्या कोपऱ्यात अजून ओल हाय. तो म्हनतो तुला एक काम धड येत नाय, दोन शिव्या देतो, आनि उठतो. देऊ दे शिव्या, देवबाप मला माफ करील. तुम्ही काय लिवायचं ते लिवा, पन त्याला वाचून दाखवू नका.