आत्याचा पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्हचं म्हणशील तर आमच्या आत्याचं ऐक. दिवाळे कोळीवाड्यातली, अजून मासळी विकते. एका रविवारी कामोठ्याला माझ्या घरी आली आणि पदराची गाठ सोडून पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"यात तुज्या आतोबांचा आवाज हाय. टीव्हीला लागत नाय."

आतोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. गावातल्या हळदीला तेच गायचे.

मी कॉम्प्युटरला लावला. स्क्रीनवर आलं, फॉरमॅट करा.

"काय इचारतंय?"

"सगळं पुसून टाकू का, असं विचारतोय."

"त्याला सांग, हात लावू नको."

मी काढून बघितला. खाऱ्या हवेनं आतल्या पट्ट्या हिरवट झाल्या होत्या. खोडरबरानं घासून पुन्हा लावला, तरी तेच. आत्या नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून मागच्या पोर्टला लावला आणि एकदाचा उघडला. आत एकच फाइल होती.

आत्या खुर्ची ओढून पुढे सरकली. मी फाइल लावली. गाणं नव्हतंच.

"आज कालवनात मीठ जास्त पडलंय," आतोबा म्हणाले. मागे कोणीतरी हसलं, आणि संपलं.

मी आत्याकडे बघितलं.

"परत लाव," आत्या म्हणाली.

लावलं. तिनं आणखी एकदा लावायला सांगितलं. मग डोळे पुसून पदर खोचला आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, "मीठ बरोबर व्हतं."