कवटीकडची कडा

नाव करामतुल्ला रंजबर, वय ४९ वर्षे, काम रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचा शिपाई, शिक्षण गावच्या शाळेत आठवीपर्यंत, राहणार काजेरून दरवाज्यामागची गल्ली, शिराझ.

आज गुरुवारी ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन सांगतो की, मी वरील ठिकाणी बायको व दोन मुलांसह राहतो. माझ्या कामांपैकी एक काम असे आहे. फेफऱ्याच्या रुग्णाचा मेंदूतला बिघडलेला भाग खोल असला, तर तिथे पोचण्यासाठी वरचा थोडा चांगला भागही कापावा लागतो. पूर्वी तो फेकून देत. आता घरच्यांची सही असेल तर मी तो बाटलीतून अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेत नेतो. तिथे डॉ. परस्तू दादवर या पीएच.डी.नंतरचे संशोधन करतात. मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात, हा त्यांचा विषय आहे. त्या तुकड्याच्या पातळ चकत्या करून प्राणवायू सोडलेल्या पाण्यात ठेवतात. तशा त्या दोन-तीन दिवस टिकतात. बाटलीवर नाव नसते, आकडा असतो.

सोमवारी सकाळी मी सनोबर फूलादी, वय १९, हिला शस्त्रक्रियेसाठी आत नेले. तिचे वडील यदुल्ला फूलादी, जहरूमकडे लिंबाच्या बागेत राखणदार, बरोबर चालत होते. मुलगी म्हणाली, "दादा, डोक्यातलं नको ते काढतायत ना, मग बाबांचं ओरडणंही काढा म्हणावं. तिथंच कुठंतरी बसलंय."

वडील म्हणाले, "गप गं, वात्रट. दुआ म्हण."

"म्हटली. तुमच्या वाटणीचीपण मीच म्हटली."

हा मजकूर प्रयोगशाळेच्या तक्रारीशी संबंधित नाही, असे जबाब घेणाऱ्या साहेबांचे म्हणणे पडले. तो राहू द्यावा, अशी मी विनंती केली.

दुपारी मी बाटली घेऊन गेलो. डॉ. परस्तू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "रंजबरदादा, पळत आलात की वाटेत नमाज उरकून?" मी म्हणालो, "पळतच आलो, बाई. नमाज राहिलाय." "मग जा लवकर. हे माझं काम, ते तुमचं."

मंगळवारी पहाटे रक्तस्राव होऊन सनोबर वारली. सकाळी प्रेत आंघोळीला देण्याची तयारी चालू असताना यदुल्लांनी मला विचारले, "हिचं काढलेलं कुठंय? सगळी मिळून मातीत जायला हवी." बिघडलेला भाग तपासणी विभागाने परत दिला होता. चांगल्या तुकड्याबद्दल त्यांच्याशी कोणी बोलले नाही. मी बोललो. प्रयोगशाळेत त्यांना मी नेले, दार माझ्या किल्लीने उघडले. ते जबरदस्तीने घुसले असे तक्रारीत आहे, ते खरे नाही.

आत डॉ. परस्तू आमच्याकडे पाठ करून सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. पेशीत केसाहून बारीक काचेची सुई घातली की पेशीचा आवाज भोंग्यातून ऐकू येतो. तो येत होता. टक, टकटक, टक. मान न वळवता त्या म्हणाल्या, "या दादा, ऐका तुमची कालची बाटली! अजून गप्प बसायला तयार नाही. इतकी बडबडी पेशी मला दोन वर्षांत मिळाली नव्हती."

यदुल्ला म्हणाले, "तिचा आवाज आहे हा?"

मी सांगितले, "बाई, हे मुलीचे वडील. मुलगी पहाटे गेली." हे त्यांना कोणी कळवले नव्हते. कळवण्याची पद्धत नाही. त्यांनी भोंगा बंद करायला हात पुढे केला. यदुल्ला म्हणाले, "राहू द्या. हे जिवंत आहे?"

"पेशी जिवंत आहेत, हाजीआगा. तुमची मुलगी नाही यात. यांना दुखत नाही, काही कळत नाही."

"मग बोलतात कुणाशी?"

"एकमेकींशी."

यदुल्ला जमिनीवर बसले. म्हणाले, "मेलेलीबरोबर जिवंत कसं पुरू? आणि हे इथं ठेवून तिला अर्धी कशी पुरू? आपोआप कधी थांबेल?"

"उद्या. फार तर परवा."

"तिकडं आंघोळ घालणाऱ्या बाया खोळंबल्यात. तिची आई बसलीय."

भोंग्यातली टकटक चालूच होती. मग यदुल्ला म्हणाले, "जाणाऱ्याचं तोंड किबल्याकडे, मक्केच्या दिशेला करतात. तिचं कुणी केलं नाही, यंत्रांत होती. याचं तरी करा, बाई."

डॉ. परस्तू म्हणाल्या, "याला तोंड नसतं." मग चकतीकडे बघून म्हणाल्या, "कडा असते. ही बाहेरची, कवटीकडची. ती आतली."

चकती हलवली तर सुई निघणार आणि ती पेशी परत सापडणार नाही, हे त्यांना माहीत होते. तसे त्या बोलल्याही. मग त्यांनी सुई काढली. भोंग्यातून नुसती खरखर राहिली. मऊ कुंचल्याने त्यांनी ती चकती आणि बाजूच्या चार, अशा पाचही एका ताटलीत घेतल्या. प्राणवायूची नळी त्यात सोडली. "दादा, किबला कुठे?" असे मला विचारले. मी कपाटाची बाजू दाखवली. पाचही चकत्यांची बाहेरची कडा त्यांनी तिकडे वळवली. हे सर्व त्यांनी आपल्या हाताने केले. यदुल्लांनी ताटलीवर वाकून, शेवटच्या घटकेला कानात सांगतात तसा, हळूहळू कलमा सांगितला. मग म्हणाले, "आता बंद करा."

डॉ. परस्तूंनी प्राणवायूच्या तोटीवर हात ठेवला. पण काढून घेतला. "माझ्याच्यानं होत नाही."

यदुल्ला म्हणाले, "बाई, तुम्हीच म्हणालात ना, यात कोणी नाही?"

यदुल्लांनी हात उचलला, तोही तोटीपर्यंत पोचला नाही. प्राणवायूची तोटी मी बंद केली. सोमवारी बाटली मीच आणली होती. बुडबुडे थांबले.

गुंडाळायला पांढरे सुती कापड डॉ. परस्तूंनी दिले. पुरचुंडी मुलीच्या डोक्याशी ठेवून दुपारी दफन झाले.

तुकडा परत मागणार नाही, अशा कागदावर यदुल्लांची सही आहे, हे खरे. सही करताना ते माझ्यासमोर म्हणाले होते, "दुसऱ्या कुणाचं लेकरू वाचेल." प्रयोगशाळेच्या विभागप्रमुखांनी प्रयोग उद्ध्वस्त केल्याची तक्रार दिल्यावरून यदुल्ला कालपासून कोठडीत आहेत. डॉ. परस्तूंनी जबाबात काय सांगितले, मला माहीत नाही. त्यांची नेमणूक दरवर्षी प्रमुखांच्या सहीने पुढे जाते. आज मुलीचा तिसरा दिवस आहे, गावात माणसे जमली आहेत. तोटीला यदुल्लांचा हात लागलेला नाही, त्यांना जाऊ द्यावे. जो दोष असेल तो माझ्या नावावर लिहावा.

तोटी बंद केली तेव्हा चकत्या जिवंत होत्या का, असे साहेबांनी विचारले. ते डॉक्टरांना विचारावे, असे मी म्हणालो. साहेब म्हणाले, "तुला विचारतोय." मला याचे उत्तर देता येत नाही. मी सांगितल्यावरून ती जागा कोरी सोडली आहे.

बाकी लिहिलेले मला ऐकवले. ते मी बोललो तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करतो.