शरीफा आज इथं का नाही

मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनीही बसा, सतरंजी चावत नाही. आधी एक विचारते. हमीदच्या दुकानात विहिरीवरची जळकी मोटार दुरुस्तीला टाकून विसरून गेलेले कोण कोण आहेत, हात वर करा. बघा, एकही हात नाही. म्हणजे मोटार विसरलात, आणि विसरलोय हेही विसरलात. त्या फळीवर धूळ खात पडलेल्या मोटारी हमीदनं काय बियाणं पेरून पिकवल्या होत्या?

हसलात, बरं झालं. बोलणं आज जड आहे. गेल्या आठवड्यात सकाळी, मोटारीला तार गुंडाळता गुंडाळता, हमीदच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मी त्याच्याहून पुष्कळ मोठी. रांगेत मी पुढं होते. दुकानात कुणाला नंबर मोडू न देणारा माणूस, आणि स्वतःच माझा नंबर मोडून गेला.

मला अक्षर येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. हे सगळं मी माझ्या नातीला, पूजाला सांगितलं, तिनं लिहून घेतलं. आता कागद तिच्या हातात आणि बोलणं माझ्या तोंडात. भरकटले की ती पदर ओढणार. ओढू दे. पदर माझा आहे.

हमीदचं कौतुक तुम्ही सगळ्यांनी केलंत, छान केलंत. मी उभी राहिले ते दुसऱ्या कारणानं. आत्ता बाहेर चपला काढताना माझ्या कानावर आलं, "नवऱ्याची शोकसभा, आन् बायकूचा पत्ता न्हाय!" कोण म्हणालं ते मी सांगणार नाही. दत्तूतात्या, मान कशाला खाली घालताय? मी नाव घेतलं का?

शरीफा आज इथं का नाही, ते मी सांगते. पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल. कारण आपण जन्मभर एका गल्लीत राहिलो, आणि त्यांच्याविषयी आपल्याला माहीत काय? ईदचा शिरखुर्मा. वाटी चाटूनपुसून रिकामी केली की आपलं ज्ञान संपलं.

मी विचारायचे. मला लाज नव्हती. एकदा कालव्याला पाणी सुटलं होतं, त्या दिवशी पाणी घ्यायची पाळी आमची, आणि मोटार जळाली. मी दुकानात बाकड्यावर जाऊन बसले. हमीदचं काम अर्धं झालं, तेवढ्यात अजान झाली. तो उठला, हातपाय धुतले, तोंड धुतलं, चटई टाकली.

मी म्हटलं, "आरं, तिकडं ऊस वाळतोय माझा!"

म्हणाला, "आक्का, ऊस धा मिनिटं दम धरंल. ही येळ धरत न्हाय."

मी बघत बसले. उभा राहिला, वाकला, कपाळ जमिनीला टेकलं. उठल्यावर विचारलं, "काय मागितलंस रं?"

"मागायचं नंतर. आधी हजेरी लावायची. दिवसातनं पाच डाव."

"आन् खाडा झाला तर?"

"तर भरून काढायचा. त्यो मालक हिशेबाला चोख हाय, पर माफ बी तसाच करतो."

मी सोडते का? म्हटलं, "तुझा मालक दिसत कसा न्हाय? ना मूर्ती, ना फोटो."

म्हणाला, "लाईट दिसती का तुमाला? मोटार फिरती, त्यावरनं कळतं."

"लाईट जाती बी की रं आमची!"

"तितं भारनियमन न्हाय, आक्का."

असा होता. त्याच बाकड्यावर बसून त्यानं मला बोटांवर सांगितलं होतं. अंगठा धरला, म्हणाला, देव एक आणि महंमद पैगंबर त्याचा निरोप आणणारे, हे मनापासून मानायचं. दुसरं बोट, नमाज. तिसरं, रमजानचे रोजे. चौथं, जकात, म्हणजे साठवणीतला ठरलेला वाटा गरजवंताला द्यायचा, आणि उपकार म्हणून नाही, त्याचा हक्क म्हणून. करंगळी, हज, पण ज्याची ऐपत आणि तब्येत आहे त्यालाच. करंगळीपाशी आला की हसायचा. "ही माझी अजून ऱ्हायलीया," म्हणायचा. राहिलीच.

रोज्यांचं ऐका. आपल्यात कुणीतरी उठवून दिलंय की रोज्यात थुंकीसुद्धा गिळत नाहीत. मी त्याला विचारलं. तो इतका हसला की हातातला पाना पडला. "गिळतो की, आक्का! थुंकी चालती. पर दुसऱ्याची चुगली ऐकली तर रोज्याचं मोल जातं. म्हणून म्हणतो, तुमी दिवस मावळल्यावर येत जावा."

आता ह्याला काय म्हणावं!

आणि दुसरी चूक आपण अशी करतो की सगळ्या मुसलमानांना एकाच कापडातून कापतो. आपल्या सणसरात बघा ना. मुलाणी आहेत, तांबोळी आहेत, पिंजारी आहेत. देव एक, कुराण एक, पण घरोघरी रीत थोडी वेगळी. हमीद दर्ग्याच्या उरुसाला जायचा, चादर चढवायचा. त्याचा अस्लम, हा पुढं बसलाय तो, जळोचीला राहतो, तो म्हणायचा, "अब्बा, जे मागायचं ते थेट अल्लाकडं मागा." बापलेकांचा ह्यावर वाद व्हायचा आणि वाद संपला की दोघं एकाच ताटात जेवायचे. तुमच्या घरात नवस फेडण्यावरून सासू-सुनेची भांडणं होत नाहीत? तसंच आहे ते. माणसं आहेत.

हं, पूजा, ओढू नकोस. येतेच आहे.

हमीद गेला तेव्हा मी अंथुर्ण्याला होते. लेकीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, निघता आलं नाही. परत आले तर तात्यांनी मला वेशीतच गाठलं. रागावले होते. रागात रडतही होते, ते सांगायचं नाही असं ठरलंय, पण मी सांगितलं. तात्या बारामतीला होते. निरोप मिळाला तसा त्यांनी मार्केटातून भलामोठा हार घेतला आणि निघाले. पोचले तोवर माती झालेली. "आक्का, येवढी काय घाई? लहानपणापासनंची दोस्ती आमची. थोबाड बी बघू दिलं न्हाय."

तात्या, तुमचा अपमान कुणी केला नाही. आपण लांबच्या लेकासाठी थांबतो, पाहुण्यांसाठी थांबतो. त्यांच्यात गेलेल्याला ताटकळत ठेवत नाहीत. होईल तितक्या लवकर न्हाऊ घालायचं, न शिवलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळायचं, नमाज पढायची आणि मातीत ठेवायचं. श्रीमंत असो की मोटार दुरुस्त करणारा, कापड तेच. खांदा कुणीही द्यावा, तुम्हीही दिला असता. माती मूठमूठ सगळ्यांनी टाकायची. तुमची मूठ राहिली. ती अजून टाकता येते. कबरस्तानात जा, उभे राहा, त्याच्यासाठी दोन शब्द बोला. अस्लम नेईल तुम्हाला. नेशील ना रे? मान हलवली बघा त्यानं.

आणि तो हार. तसाच दुसरा आज ह्या फोटोवर आहे. फोटो तुम्ही मागितला, अस्लमनं दिला. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, पुढं दिवा लावत नाहीत. भक्ती करायची ती देवाचीच, अशी त्यांची समजूत पक्की आहे. अस्लमला हे खटकलं असेल, पण तुमचं प्रेम मोडायला त्याची जीभ रेटली नाही. माझी रेटते. तात्या, तुम्हीच उठा. हार काढा. अलगद. हां. झाडाच्या मुळाशी ठेवा, फुलं वाया जायची नाहीत. फोटो राहू दे. आता कसा मोकळा दिसतोय बघा, दुकानात बसल्यासारखा.

आता शरीफा.

नवरा गेला की त्यांच्यात बाई इद्दत पाळते. चार महिने आणि दहा दिवस. तेवढे दिवस तिनं नवऱ्याच्याच घरात राहायचं. नटायचं नाही, अत्तर लावायचं नाही, गरजेशिवाय बाहेर पडायचं नाही. सभेला येणं ही गरज नव्हे, म्हणून ती आली नाही. दवाखान्यात जावं लागलं तर जाईल. तिला कुणी कोंडलेलं नाही. ती शोक करतेय, आणि त्या शोकाला तिच्या धर्मानं जागा दिलीय.

बायकांनो, तुम्ही हळहळलात, "अगं बाई, एवढे दिवस!" असं म्हणालात. मी काय सांगते ते ऐका. माझे मालक गेले तेव्हा माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्याला शेवटचा दिवस कुणी सांगितला होता का मला? शरीफाला शेवटचा दिवस ठाऊक आहे. तो संपला की ती बांगड्या भरू शकते, रंगीत लुगडं नेसू शकते, मनात आलं तर लग्नसुद्धा करू शकते, आणि धर्म तिला अडवत नाही. तात्या, हसू नका, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. तर हळहळायचंच असलं तर कुणासाठी हळहळायचं, ते घरी जाऊन ठरवा.

मी अंथुर्ण्याहून आले ती थेट शरीफाकडं गेले. आलेले पाहुणे परतले होते. ती एकटी खाटेवर बसलेली. मला बघून म्हणाली, "आक्का, तुमी आत आलात?"

मी म्हटलं, "मग काय पत्र्यावर चढू?"

तेव्हा तिनं सांगितलं. "गल्लीत चपला वाजत्यात. दारापाशी येऊन थांबत्यात. मला वाटतं, आली कुणीतरी. मग पुढं जात्यात. ह्या गल्लीतनं एक भाकर आली न्हाय, आक्का. भाकरीचं मला काय न्हाय, अस्लमची बायकू जळोचीहून धाडती. पर कुणी आलं न्हाय."

ऐकलंत? आपल्यातही दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी नेतात. त्यांच्यातही शेजाऱ्यानंच जेवण पाठवायचं असतं. दोन्हीकडं रीत एकच. मग तुम्ही का नेली नाही? मी घरोघर विचारलं. एक म्हणाली, "आपल्या भांड्यातलं त्यांना चालंल का?" दुसरी म्हणाली, "ती इद्दतीत हाय, तिचं तोंड बघत न्हाईत म्हनं." तिसरी म्हणाली, "त्यांच्यातलं त्यांना ठावं, आपण मधी कशाला?" कुणाच्याही मनात खोट नव्हती. सगळ्यांनी अदबीनं पाय मागं घेतला, आणि तुमच्या त्या अदबीनं एका बाईला तिच्याच गल्लीत परकं केलं.

चालतं, बायांनो! तुमच्या भांड्यातलं चालतं. बायकांनी तिचं तोंड बघितलेलं चालतं, शेजारी बसून रडलेलंही चालतं. पुरुषांनी मात्र घरात शिरू नका. अस्लमपाशी चौकशी करा, दारातून निरोप द्या.

हे मी कशासाठी सांगतेय? अस्लमनं आईला सांगितलंय, "इद्दत झाली की गाडी घिऊन येतो. जळोचीला चल. हितं तुला कोण हाय?" लेकराचं चुकलं नाही. त्यानं दार बघितलं आणि दारात कुणी नव्हतं. शरीफा अजून हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मला म्हणाली, "जिथं कुणी उंबरा वलांडत न्हाय तितं ऱ्हाऊन काय करू?" मी तिला म्हटलं, "थोडी थांब. ही माणसं वाईट न्हाईत, नुसती अडाणी हाईत. अडाणीपणाचं मला कळतं, माझा त्यात जन्म गेला."

अस्लम, तुझ्यादेखत सांगते. तुझी आई कुठं राहायची ते ती ठरवेल. तू नाही, मी नाही, ही सभा नाही. पण तिला इथं कुणी नाही म्हणून ती गेली, असं मी होऊ देणार नाही. इद्दत संपेल त्या दिवशी तू खुशाल गाडी आण. तुझ्या आईच्या अंगणात बायांची इतकी गर्दी असेल की गाडी लावायला तुला जागा मिळायची नाही. हे मी छातीठोक सांगते.

आता अस्लम हमीदसाठी दुआ मागेल. तो तळहात वर धरेल. तुम्ही हात जोडा, मांडीवर ठेवा, कसेही ठेवा. तोंडं तेवढी मिटा आणि मोबाईल गप्प करा. हमीद, बाबा, नीट जा. तिथं बाकड्यावर माझी जागा धर. मला घाई नाही.

आणि दुआ झाली की लगेच पांगू नका, डब्याचं आत्ताच पक्कं करते. उद्याचा डबा माझ्या घरचा, वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी. परवाचा तात्यांच्या घरचा. मटण-कोंबडी कुणी पाठवायची नाही, त्यांना हलालचंच लागतं आणि ते तुम्हाला जमायचं नाही. पिठलं करा, मेथी करा, शेंगदाण्याची चटणी करा, आणि तिखट हात राखून घालू नका, शरीफा आपल्याच मातीतली आहे. डबा दारात ठेवून पळायचं नाही. दोन भाकरी जास्त घाला, तिच्याबरोबर बसून त्या तुम्हाला खायच्या आहेत.